लाइन क्लिअर

ओहायो राज्यातल्या त्या घराच्या तळघरात अण्णा पहिल्यांदा उतरले ते केवळ मुलाचे मन राखायचे म्हणून. २०१२ सालचा नोव्हेंबर होता. पाच वाजताच अंधारून येई. मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरीवर, नातू शाळेत. दिवसभर घरात माणसाचा आवाज नाही. पत्नी जाऊन वर्षही झाले नव्हते. "सहा महिने आमच्याकडे येऊन राहा, तुम्हाला बरं वाटेल," या आग्रहाला त्यांनी होकार दिला होता. पण बरे वाटणे काही जमत नव्हते. खिडकीशी बसून ते समोरच्या रस्त्याने जाणाऱ्या पिवळ्या स्कूलबसची वेळ जुन्या डायरीत टिपत. बस दोन मिनिटे उशिरा आली की मान हलवत. १९६६ ते २००४, अशी अडतीस वर्षे रेल्वेत काढलेल्या स्टेशनमास्तरची ही खोड. ती सुटावी तरी कशी?

मुलगा आणि बाप यांच्यात भांडण असे कधीच नव्हते. पण बोलणेही नव्हते. मुलाचे सारे बालपण 'हळू बोल, अण्णा रात्रपाळी करून झोपलेत' या एका वाक्याखाली गेले होते. बाप काय काम करतो हे त्याला पांढऱ्या गणवेशापलीकडे ठाऊक नव्हते. आता चाळिशीकडे झुकलेल्या त्या मुलाने शेजारच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकाच्या घरी छोटी रेल्वे आहे असे ऐकले, आणि निदान एक संध्याकाळ तरी निघेल म्हणून तो अण्णांना घेऊन गेला.

तळघर मोठे होते. चारी भिंतींना लागून कमरेच्या वर फळ्या, त्यांवर डोंगर, पूल, कोळशाच्या खाणी, छोटी छोटी स्टेशने. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची ही रेल्वे. दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. काळ बांधलेला होता १९५२ सालचा, प्रदेश अपलाचिया पर्वतातला, आणि रेल्वे कंपनी मात्र घरमालकांच्या मनातली. त्या दिवशी पाहुण्यांसाठी सगळे खुले होते. एक इंजिन वीस डबे घेऊन गोल गोल फिरत होते. मुले टाळ्या वाजवत होती. मोठी माणसे विचारत होती, याला खर्च किती आला? किती वेगाने पळते?

अण्णा पाठीमागे हात बांधून गाडीच्या तीन फेऱ्या होईपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी आपल्या रेल्वेच्या इंग्रजीत विचारले, "ही गाडी कुठे चालली आहे?"

घरमालकांनी हातातले यंत्र खाली ठेवले. इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारा पहिलाच पाहुणा, असे ते म्हणाले, आणि शनिवारी संध्याकाळी सात वाजता यायचे आमंत्रण तिथल्या तिथे दिले. "त्या दिवशी ती कुठेतरी जाणार आहे," ते म्हणाले.

आपल्याकडे छोटी रेल्वे म्हटली की वाढदिवसाला मिळालेली चावीची गाडी, नाहीतर पुण्यात बी. एस. जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ साली सुरू झालेले ते सुंदर संग्रहालय आठवते. तिथे प्रेक्षकाने खुर्चीत बसून पाहायचे असते. तो आनंद वेगळा, आणि तोही काही कमी नाही. पण अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये या छंदाची आणखी एक पायरी आहे. तिथे रेल्वे पाहायची नसते, चालवायची असते. म्हणजे खरी रेल्वे जशी चालते तशी. वेळापत्रक असते, मालाच्या पावत्या असतात, प्रत्येकाला एक नेमून दिलेले काम असते. सात-आठ माणसे एकत्र येतात आणि तीन तास एक रेल्वे 'चालवतात'. बाहेरच्याला हे वेड वाटेल. पण भजनी मंडळाचा सराव बाहेरच्याला कसा वाटतो? ज्याच्या हातात टाळ आहे त्याला विचारावे.

या प्रकाराला शास्त्र म्हणून आकार दिला तो फ्रँक एलिसन या गृहस्थांनी. न्यू ऑर्लिन्स शहरात त्यांची 'डेल्टा लाइन्स' नावाची रेल्वे होती. एलिसन यांचा रंगभूमीशी संबंध आला होता, आणि त्यांनी सांगितले तेही त्याच भाषेत. १९४४ साली 'मॉडेल रेलरोडर' मासिकातल्या लेखमालेत त्यांनी मांडले, की डोंगर-झाडे हा रंगमंच, गाड्या ही पात्रे, आणि वेळापत्रक हे नाटक. संहितेशिवाय नट रंगमंचावर नुसते फिरत राहिले तर प्रेक्षक किती वेळ बसतील? रुळांवर गोल फिरणाऱ्या गाडीचेही तेच होते. वीस मिनिटे कौतुक, मग जांभई. कितीतरी लोक हजारो तास खर्चून अशी रेल्वे उभारतात, आणि ती पुरी झाली की त्यांनाच तिचा कंटाळा येतो. त्या शिक्षकांचेही तसेच झाले होते. अकरा वर्षे बांधकाम, आणि नंतर दोन वर्षे तळघराचा दिवासुद्धा लागला नाही.

शनिवारी अण्णांना टेलिफोनशेजारची एक खुर्ची मिळाली. त्यांच्याकडे एक स्टेशन सोपवले होते. भिंतीवरचे घड्याळ पाहून मात्र ते बुचकळ्यात पडले. त्याचे काटे पळत होते. त्यामागचा हिशेब घरमालकांनी मोठ्या हौसेने समजावला. तळघरातल्या मुख्य मार्गाची लांबी ४६ मीटर. मोजमापाप्रमाणे ते झाले जेमतेम ४ किलोमीटर. ताशी ४० किलोमीटरच्या हिशेबाने धावणारी गाडी इथे सेकंदाला सुमारे १३ सेंटिमीटर सरकते, आणि सगळा प्रवास सहा मिनिटांत आटोपते. सहा मिनिटांचे वेळापत्रक ते काय करणार? म्हणून घड्याळच चौपट वेगाने चालवायचे. मग सहाची चोवीस मिनिटे होतात, आणि तीन तासांच्या बैठकीत रेल्वेचा अर्धा दिवस बसतो. आपली मुंबई-पुणे लाइन याच मापाने बांधायची झाली तर १९२ किलोमीटरचे सव्वादोन किलोमीटर होतील. एवढे तळघर कुणाकडे असणार! तेव्हा अंतराची लबाडी वेळेच्या लबाडीने झाकायची. अण्णांना ही युक्ती फार आवडली.

मालगाडीची गंमत त्याहून मोठी. प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड, त्या कार्डाला एक खिसा, आणि खिशात मालाची पावती: अमुक कारखान्यातून तमुक गोदामाकडे. पावतीला चार बाजू. एक खेप झाली की पावती फिरवून ठेवायची, म्हणजे पुढच्या शनिवारी तीच वाघीण दुसऱ्या ठिकाणी निघते. ही पद्धत छंदात आली त्याला १९६१ पासून साठाहून अधिक वर्षे झाली, आणि अजून तिला तोड सापडलेली नाही. स्टेशनात आलेल्या मालगाडीतली तिसरी आणि सातवी वाघीण काढायची, सायडिंगमधल्या दोन जोडायच्या, आणि हे सारे मागून पॅसेंजर यायच्या आत. डबे सोडवायला हातात एक बांबूची काडी, कबाब भाजायची असते तशी. चार-पाच वाघिणींचे शंटिंग करताना घाम फुटलेला एक दाताचा डॉक्टर अण्णांनी त्या दिवशी पाहिला. साखर कारखान्याच्या सायडिंगवर आपण पौष महिन्याच्या थंडीत हेच करत होतो, फक्त अंगावर घोंगडी असायची, असे त्यांना वाटले असावे. ते पहिल्यांदा हसले. मुलाने ते पाहिले.

गाड्यांचे नियंत्रण करणारा माणूस शेजारच्या खोलीत, कपडे धुण्याच्या यंत्राजवळ बसवलेला होता. मुद्दाम. त्याला एकही गाडी दिसता कामा नये, कारण खऱ्या कंट्रोलरलाही ती दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त कागद आणि कानाला फोन. अमेरिकेच्या एकेरी मार्गांवर त्या काळी वेळापत्रक आणि लेखी हुकूम यांवर गाड्या चालत. पहिल्या दर्जाच्या गाडीला कनिष्ठ गाडीने वाट द्यायची, तिच्या वेळेच्या आधी बाजूच्या रुळावर जाऊन थांबायचे. त्यात बदल करायचा तर कंट्रोलर फोनवर हुकूम सांगणार, स्टेशनावरचा माणूस तो शब्दन् शब्द लिहिणार आणि उलट वाचून दाखवणार. मग तो कागद काठीच्या कडीला अडकवून धावत्या इंजिनाकडे धरायचा.

हे ऐकून अण्णा खुर्चीत सरसावून बसले. कडी! त्यांनी अर्धे आयुष्य इंजिनाच्या ड्रायव्हरकडे वेताची कडी धरली होती. आपल्या एकेरी मार्गावर तिच्यात असे तो टोकनचा पोलादी गोळा. दोन स्टेशनांवर दोन यंत्रे, एकमेकांना तारेने जोडलेली. पलीकडच्याने संमती दिल्याखेरीज अलीकडच्या यंत्रातून गोळा निघत नाही. आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही यंत्रांतून दुसरा निघू शकत नाही. गोळा हातात नसेल तर ड्रायव्हर गाडी हलवणार नाही. घंटेचे दोन ठोके म्हणजे 'लाइन क्लिअर आहे का', तीन म्हणजे 'गाडी निघाली', चार म्हणजे 'गाडी पोचली'. हे सारे अण्णा भराभर सांगू लागले, आणि मुलगा ते ऐकत राहिला. वडिलांच्या तोंडून इतकी वाक्ये सलग ऐकण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

त्या शिक्षकांची हातोटी इथे सांगायला हवी, कारण माणसे जमवणे हे रेल्वे बांधण्यापेक्षा अवघड. आरंभी त्यांनी मोठी चूक केली होती. पहिल्याच बैठकीला चाळीस पानी नियमावली वाटली, आणि पुढच्या शनिवारी तिघेच आले. तेव्हा त्यांनी ती एका पानावर आणली. नवख्याला एकट्याला गाडी द्यायची नाही. त्याला ड्रायव्हर करायचे आणि जाणत्याला त्याचा गार्ड. पहिल्या दिवशी पाच वाघिणींची साधी मालगाडी, जी उशिरा झाली तरी कुणाचे अडत नाही. चारचौघांत कुणाला बोलायचे नाही. आणि बैठकीआधी आठवडाभर स्वतः खपून प्रत्येक चाक, प्रत्येक सांधा तपासायचा, कारण पाहुण्याच्या हातून गाडी तीनदा रुळावरून उतरली तर त्याला वाटते दोष आपला आहे, आणि तो पुन्हा येत नाही. एखादी वाघीण त्रास देऊ लागली की तिच्या कार्डाला 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लावून ती बाजूला काढायची. मधल्या सुटीत कॉफी आणि सफरचंदाचा पाय. शेवटी सगळ्यांनी कोंडाळे करून बसायचे आणि आज काय काय घोटाळे झाले ते सांगायचे. या शेवटच्या अर्ध्या तासासाठीच निम्मी माणसे येत असत, असे मुलाचे मत आहे.

कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जॉन अ‍ॅलन नावाचे छायाचित्रकार होते. त्यांच्या रेल्वेचे डोंगर जमिनीपासून छतापर्यंत पोचलेले, आणि तिचे नाव उच्चारताना 'रक्तबंबाळ आणि पराभूत' अशा अर्थाचे ऐकू येई, अशी त्यांची विनोदबुद्धी. त्यांच्याकडेही मित्र ठरल्या दिवशी जमून पळत्या घड्याळावर गाड्या चालवत. अ‍ॅलन १९७३ च्या जानेवारीत वारले आणि दहाएक दिवसांतच त्या घराला आग लागून सारी रेल्वे जळाली. तिची छायाचित्रे राहिली. पण त्या शनिवारच्या कोंडाळ्यात ही गोष्ट निघाली तेव्हा कुणी छायाचित्रांबद्दल बोलले नाही. त्या मित्रांनी पुढे त्या ठरल्या संध्याकाळी काय केले असेल, यावर बोलत बसले.

तिसऱ्या शनिवारी तो प्रसंग घडला. मुलाच्या हाती पूर्वेकडे जाणारी मालगाडी होती. समोरून पॅसेंजर येत होती. मधल्या स्टेशनावर अण्णा होते. हुकूम बरोबर लिहिला गेला होता, वाचूनही दाखवला होता. पण मुलाने तो खिशात घातला आणि गप्पांच्या नादात ज्या सायडिंगला थांबायचे होते ती ओलांडली. बोगद्याच्या तोंडाशी दोन्ही इंजिने समोरासमोर येऊन टक्कर झाली. टक् असा आवाज आला. दोन वाघिणी आडव्या झाल्या.

सगळे खदखदून हसले. अशा टकरीला अमेरिकन रेल्वेवाल्यांचा जुना शब्द आहे, 'मक्याच्या शेतातली भेट'. कुणीतरी तो ओरडून म्हणाला, मुलगाही हसला. हसत हसत त्याने वडिलांकडे पाहिले. अण्णांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी फोन जागेवर ठेवला, कोट घेतला, आणि ते जिना चढून बाहेर जाऊन उभे राहिले. बाहेर बर्फ भुरभुरत होते.

घर चालत पाच मिनिटांवर. पण मुलाने गाडी आणली होती, आणि ती सुरू न करता दोघे आत बसून राहिले. बऱ्याच वेळाने अण्णा बोलू लागले.

१९८३ चा पावसाळा. आषाढी आटोपून वारकरी परतत होते. टोकनचे यंत्र बंद पडले होते, फोन तेवढा चालू होता. अशा वेळी गोळ्याऐवजी कागदी लाइन क्लिअर देतात, आणि दोन स्टेशनमास्तर एकमेकांना गुप्त नंबर सांगून खात्री करतात. बदलीचा माणूस आला नव्हता. अण्णांची सलग तिसरी रात्र. पलीकडच्या स्टेशनाला त्यांनी एका मालगाडीसाठी लाइन दिली, नंबर दिला, वहीत लिहिला. पंधरा मिनिटांनी पॅसेंजर फलाटाला लागली. डबे वारकऱ्यांनी खच्चून भरलेले. अण्णांनी वही पाहिली, त्यात नंबर दिसला. तो आपण दिलेला आहे, घेतलेला नाही, हे त्या क्षणी डोक्यात शिरले नाही. त्यांनी कागद लिहिला, सही केली आणि पॉइंट्समनच्या हाती दिला.

पॉइंट्समन इंजिनापर्यंत गेला आणि परत आला. त्याला वाचता जेमतेम येत होते. तो म्हणाला, "सायब, तिकडची मालगाडी अजून आली न्हाई ना?"

अण्णांनी तो कागद फाडला. बारा मिनिटांनी मालगाडी धडधडत आली. पॅसेंजर तोवर फलाटावर उभी होती, आणि आत वारकऱ्यांचे भजन चालू होते.

"त्यानं कुणालाही सांगितलं नाही," अण्णा म्हणाले. "मीही नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही."

मुलाला एक गोष्ट आठवली. दर दिवाळीला अण्णा एक मनिऑर्डर करत. तो फॉर्म भरायला पोस्टात मुलालाच पाठवत. आईला वाटे, कुणाचे तरी जुने उसने फेडताहेत. पुढे फॉर्मवर माणसाच्या नावाऐवजी त्याच्या बायकोचे नाव आले. एवढा बदल त्याने पाहिला होता, पण विचारले कधीच नव्हते.

"अण्णा, ते पैसे…"

"हो," अण्णा म्हणाले. "गाडी सुरू कर आता. काच गोठली."

पुढच्या शनिवारी ते पुन्हा येतील असे कुणालाच वाटले नव्हते. ते आले, आणि एक सूचना घेऊन आले. नातवाच्या गोट्या आणि पडद्याच्या कड्या त्यांनी सूनबाईकडून मागून घेतल्या होत्या. प्रत्येक दोन स्टेशनांमध्ये एक गोटी. ज्याच्या हाती गोटी त्याचीच गाडी चालणार. म्हणजे टक्कर होणेच अशक्य.

घरमालकांनी गोटी हातात घेतली, निरखून पाहिली आणि नम्रपणे परत दिली. १९५२ साली या डोंगरात असला गोळा नव्हता, ते म्हणाले. इथे माणसे कागदावर आणि एकमेकांच्या शब्दावर गाड्या चालवत. चूक व्हायची शक्यता काढून टाकली तर ती रेल्वे उरणार नाही. ते बरोबरच बोलत होते. दुसऱ्या देशाची सुरक्षितता आणून चिकटवली तर तो खरेपणा कसला? अण्णांनाही ते पटले. पण मग त्यांनी दुसरी गोष्ट मागितली. टक्कर झाली तर हसायचे नाही. घड्याळ थांबवायचे, आणि काय घडले ते संबंधितांनी एका कागदावर लिहून काढायचे, जशी खरी चौकशी होते तशी.

यावर बराच खल झाला. दाताचे डॉक्टर म्हणाले, आम्ही आठवडाभर काम करून इथे येतो ते मोकळे व्हायला, इथेही चौकशी? नवी माणसे घाबरून पळतील. त्यांचेही चूक नव्हते. खरेपणा किती आणायचा याची रेघ प्रत्येक घरी वेगळी पडते, आणि ती ओढताना चार माणसे दुखावली तर रेल्वे बंदच पडते. अण्णा म्हणाले, शिक्षा नको, नावही नको. आपण नव्या असिस्टंटला शिकवताना एकच करायचो. हुकूम खिशात घालण्याआधी त्याला तो गार्डला मोठ्याने वाचून दाखवायला लावायचो. शेवटी ठरले ते असे, की घड्याळ थांबवायचे, पण लेखी काही नाही. हुकूम मात्र ड्रायव्हर आणि गार्ड दोघांनी मोठ्याने वाचायचा. त्या हिवाळ्यात आणखी एकच टक्कर झाली. तेव्हा घड्याळ थांबले, आणि कुणी हसले नाही. दाताच्या डॉक्टरांनी स्वतः होऊन आपला हुकूम पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "स्टेशनाचे नाव मी वाचलेच नव्हते, गृहीत धरले."

फेब्रुवारीपासून अण्णा कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी बसू लागले. कंट्रोलर म्हणून. त्यांची डायरी आता स्कूलबसऐवजी गाड्यांच्या वेळांनी भरत होती.

गोट्या वाया गेल्या नाहीत. मुलाने घरच्या तळघरात दोन भिंतींना लागून पाच मीटरची फळी ठोकली. एकेरी मार्ग, दोन टोकांना दोन स्टेशने, मध्ये काहीच नाही. इथे मात्र अण्णांचा कायदा. स्टेशनांची नावे नातवाने ठेवली. एकाला आपल्या शाळेचे, आणि दुसऱ्याला 'आजोबा'. आठ वर्षांचा तो मुलगा सुरुवातीला गाडी इतक्या जोरात सोडी की ती वळणावर कोलमडे. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी त्याच्या पाच वाघिणींना पाच पावत्या करून दिल्या: साखर, कांदा, कोळसा, सिमेंट, आणि एकीत 'आजीसाठी लाकडी पाट'. पाट फुटेल म्हणून नातू आपोआप हळू चालवू लागला.

इंग्लंडमध्ये पीटर डेनी नावाचे एक पाद्री होते. त्यांची 'बकिंगहॅम' नावाची रेल्वे १९४० च्या दशकात सुरू झाली आणि ती जन्मभर चालली. वेळापत्रक, घंटेचे ठोके, सारे यथासांग. पलीकडच्या टोकाला त्यांचा मुलगा क्रिस्पिन बसे. पुढे मुलगा मोठा झाला, घरी नसू लागला, तेव्हा डेनींनी घंटेला उत्तर देणारे एक यंत्र तयार केले आणि त्याचे नाव ठेवले 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. ही गोष्ट घरमालकांनी कॉफी पिताना मोठ्या गमतीने सांगितली. सगळे हसले. अण्णा आणि मुलगा यांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

मे महिन्यात अण्णा नगरला परतले. विमानतळावर जाण्याआधी ते तळघरात उतरले, दोन्ही स्टेशनांचे सांधे सरळ केले, आणि गोटी आपल्या बाजूच्या वाटीत ठेवली.

त्यानंतर रविवारचा फोन सुरू झाला. ओहायोत सकाळचे नऊ, नगरला संध्याकाळचे साडेसहा. पूर्वी असले फोन 'तब्येत बरी आहे ना, पाऊस पडला का' यावर तीन मिनिटांत संपत. आता तासभर चालत. अण्णांजवळ त्यांची वही, आणि स्वतः तयार केलेली गुप्त नंबरांची यादी. त्यांच्या टोकाचे सांधे मुलगा त्यांच्या हुकमाने हलवी. शब्द मात्र अण्णांचा. नातू फोनवर पेन्सिलीने दोन ठोके देई.

"आजोबा, लाइन क्लिअर?"

"आधीची गाडी पोचली का?"

"पोचली."

"चार ठोके कुठं दिलेस?"

चार ठोके आले.

"पूर्ण पोचली का? शेवटचा डबा पाहिलास? त्यावरची लाल खूण पाहिलीस?"

पलीकडे शांतता. मग खुर्ची सरकल्याचा आणि फळीच्या दुसऱ्या टोकाकडे धावत गेलेल्या पावलांचा आवाज.

"सावकाश बघ," अण्णा फोनमध्ये म्हणाले. "मी थांबलोय." आणि हातातले पेन त्यांनी वहीवर तसेच धरून ठेवले.